दाणा कुठला टाकायचा?

भोसरीतल्या या गॅरेजचे शेठ आल्यागेल्याला गाड्यांआधी जमीन दाखवतात. राखाडी रंगाची, कडेनं पिवळे पट्टे ओढलेली, वरच्या दिव्यांची रांग जशीच्या तशी उमटवणारी इपॉक्सीची जमीन. आधी इथं कोबा होता. वर्षानुवर्षं सांडलेलं ऑइल पिऊन तो काळा पडला होता, जॅकच्या चाकांखाली त्याचे पोपडे निघत होते आणि झाडू मारला की सिमेंटचीच धूळ उडायची. शेठनी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरात चकचकीत जमीन पाहिली, तिथंच मनाशी ठरवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत ती आपल्याकडे करून घेतली. गिऱ्हाइकं खूश झाली. हातून निसटलेला नट लांबून दिसायला लागला. ऑइल सांडलं तर चिंधीच्या एका फटक्यात निघायला लागलं.

मग पावसाळा आला. गाड्या निथळत आत यायच्या, वॉशिंगच्या कोपऱ्यातलं शाम्पूचं पाणी लिफ्टपर्यंत वाहत यायचं आणि माणसं घसरायला लागली. एक हेल्पर गिअरबॉक्स नेताना पडला आणि त्याचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तेव्हापासून त्या आरशावर जागोजागी गोणपाटं पसरली गेली. गोणपाटं भिजली की सरकायची, आणि त्यांच्यावरूनही कुणीतरी घसरायचंच.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पायाखाली’ असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा माझ्या डोक्यात हेच गॅरेज होतं. पावसाळ्याच्या आत जमिनीला ‘दाणा मारून’ घ्यायचं शेठनी ठरवलंय, असं तिथल्या मेकॅनिकनं माझी गाडी परत देताना सांगितलं होतं. झालेली जमीन न उखडता तिच्यावर खरखरीतपणा कसा चढवतात, ते मला बघायचं होतं.

मधे पाणी आलं की

कोरड्या इपॉक्सीवर रबरी तळव्याची चप्पल घालून कितीही चाला, काही होत नाही. उलट पाय थोडा चिकटल्यासारखाच वाटतो. घसरायला मधे काहीतरी यावं लागतं. टाच टेकते त्या क्षणी तिच्याखालचं पाणी बाजूला झालं पाहिजे. खडबडीत जमिनीत त्याला पळायला खाचा असतात आणि खाचांमधली टोकं रबराला जाऊन भिडतात. गुळगुळीत जमिनीवर पाण्याला जायला वाटच नसते. अशा वेळी आपण टेकतो ते पाण्यावर, जमिनीवर नाही.

द्रव जितका दाट, तितका तो बाजूला व्हायला उशीर लावतो आणि तितकी टोकं उंच लागतात. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हनं यासाठी ढोबळ आकडे देऊन ठेवले आहेत. स्वच्छ पाणी सांडणार असेल तर 20 मायक्रॉनचा खडबडीतपणा पुरतो. साबणाच्या पाण्याला किंवा दुधाला 45 लागतो, इंजिन ऑइलला 70 आणि गिअर ऑइलला त्याहून जास्त. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मनगट मोडणं आणि न मोडणं यांतलं अंतर एका केसाच्या जाडीचं आहे.

हे मोजायची यंत्रंही आहेत. एक आहे लंबकाचं. 1940च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये पर्सी सिग्लर यांनी ते बनवलं आणि पुढे ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीनं रस्ते तपासण्यासाठी सुधारून घेतलं. रबराचा तुकडा बसवलेला हात वरून सोडायचा. तो ओल्या जमिनीला घासून पलीकडे किती चढतो, यावरून आकडा मिळतो. 36 किंवा वर आला तर घसरायची भीती कमी, 25च्या खाली आला तर भरपूर. जर्मनांची रीत मला जास्त आवडली. ते एका माणसाला कामाचे बूट घालायला देतात, पडू नये म्हणून दोरानं बांधतात आणि इंजिन ऑइल ओतलेल्या फळीवर पुढेमागे चालवत फळीचा उतार वाढवत नेतात. तो कितव्या अंशाला डगमगतो त्यावरून आर 9 ते आर 13 असा दर्जा ठरतो. टाइलच्या खोक्यावर आर 9 वाचून ‘दहापैकी नऊ’ समजणारे पुष्कळ भेटतात. आर 9 ही सगळ्यांत खालची पायरी आहे. ऑइल बदलायच्या जागेला निदान आर 11 हवा, म्हणजे 19 अंशांच्या पुढचा उतार पेलणारी पकड.

भोसरीत आलेल्या ठेकेदाराकडे लंबक नव्हता, फळीही नव्हती. त्यानं मगभर शाम्पूचं पाणी लिफ्टजवळ ओतलं, त्यावर टाच ठेवून पुढे दाबली आणि दुसऱ्या हातानं लिफ्टचा खांब पकडला. “बघितलं ना शेठ?”

1948च्या कारखाने अधिनियमाच्या 32व्या कलमानं सांगितलं होतं की जमिनी, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा घसरवणाऱ्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवा. सांडलेलं पुसा, हे सांगणं रास्तच आहे. पण ज्या धंद्यात दिवसभर काहीतरी सांडतच असतं, तिथं नुसत्या पुसण्यावर किती विसंबणार?

गुडघे, चाकं आणि फडकं

दाणा टाकायचा म्हणजे वाळू टाकायची, एवढंच शेठच्या मनात होतं. ठेकेदारानं प्लायवूडचे फूटभराचे चौकोन आणून मांडले. प्रत्येकावर वेगळा दाणा. शेठ तळहात फिरवून बघायला लागले तसा तो म्हणाला, “हातानं नको, शेठ. चप्पल ओली करा आणि पायानं बघा.”

वाळू इथं चाळणीच्या नंबरावर मागवतात. इंचभरात जितकी भोकं तितका नंबर, त्यामुळे नंबर वाढला की दाणा बारीक होतो. सोळा-तीसचा माल म्हणजे 16 नंबरातून पडलेला आणि 30वर अडकलेला, साधारण 0.6 ते 1.2 मिलिमीटरचा. तीस-साठचा त्याच्या निम्मा. वाळू बहुधा क्वार्ट्झची असते. जिथं चाकं फार फिरतात तिथं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घेतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7वर आणि हे 9वर, त्यामुळे टोकं लवकर झिजत नाहीत. काचेचे मणीही मिळतात. ते गोल असल्यानं दिसतात छान आणि धरतात कमी.

शेठचा कल सगळीकडे जाड दाणा टाकून मोकळं व्हायचा होता. अडवलं वस्तादांनी. तिशीहून जास्त वर्षं गाड्यांखाली घालवलेला हा माणूस अजून पुठ्ठा टाकून झोपतो आणि चाकं काढताना गुडघ्यांवर बसतो. “जाड दाण्यावर आमचे गुडघे सोलून निघतील. आणि जॅक? लोखंडी चाकाचा जॅक गाडीखाली ढकलून दाखवा त्याच्यावर.” सफाईच्या मावशी लांबूनच बोलल्या, “ताई, त्यांना सांगा, कोब्यावर माझं फडकं आठवड्याला फाटायचं. आता पुन्हा तेच करायचंय का?”

या जमिनीचा सगळा पेच इथं आहे. पायाला जी टोकं हवीत, तीच फडक्याला आणि गुडघ्याला नको असतात. जमीन विकत घेणारा माणूस ती डोळ्यांनी घेतो. तिच्यावर ओल्या पायानं चालणारे वेगळे आणि ती धुणारे आणखी वेगळे, आणि त्यांना विचारायची पद्धत नाही. त्या दिवशी नमुने सगळ्यांसमोर मांडले म्हणून विचारलं गेलं, एवढंच.

तासभर वाद होऊन वाटणी ठरली. वॉशिंगचा भाग आणि रस्त्यावरून आत येणारा रॅम्प यांना सोळा-तीस. रॅम्पला जाड दाणा हवाच होता. तिथला चढ एकास आठचा आहे, आणि घर्षणाच्या गुणांकातले साधारण 0.12 तो उतारच खातो. पायाला मिळतं ते उरलेलं. ऑइल बदलायची जागा आणि येण्याजाण्याची वाट यांना तीस-साठ. लिफ्टखालच्या कामाच्या जागेत वाळू नाहीच. तिथं वरच्या हातात प्लास्टिकची बारीक पूड मिसळायची. तिनं पाण्यापुरती पकड येते आणि गुडघे शाबूत राहतात. गिऱ्हाइकांची बसायची जागा शेठनी आहे तशीच चकचकीत ठेवली. दाराशी मोठं पायपुसणं टाका, इतकंच ठेकेदार म्हणाला.

अमेरिकेत हेच काम घराघरांत चालतं. मिशिगनमधल्या माझ्या मावसभावानं घराच्या गॅरेजात हौसेनं इपॉक्सी मारून घेतली आणि वर रंगीत चकत्या पसरल्या. हिवाळ्यात गाडीच्या चाकांमागचा बर्फ रात्रभर वितळून जमिनीवर तळं साठायचं. चकत्यांनी जमीन खरखरीत होईल अशी त्याची समजूत होती. पण चकत्या सपाट, आणि त्यांच्यावर पारदर्शक थर चढला की पुन्हा काचच. शेवटी चकत्यांवर त्यानं बारीक पूड मिसळलेला आणखी एक हात मारला.

चकाकी मारणं

मी पोचले त्या शनिवारी गॅरेज रिकामं होतं आणि दोन पोरं जमीन घासत होती. यंत्र नव्हतं, साबण आणि ब्रश होते. आधी ऑइल काढायचं आणि मगच यंत्र लावायचं, हा क्रम चुकला तर ऑइल घासून आत भरलं जातं आणि नवा थर त्याच्यावर उभा राहतो. धुऊन झाल्यावर ठेकेदार पाणी शिंपडत फिरला. पाणी सारखं पसरलं तर जमीन स्वच्छ. थेंब गोळा होऊन बसला तर तिथं अजून चिकटा आहे. असे थेंब सगळ्यांत जास्त सापडले ते गाड्यांना पॉलिश मारायच्या जागी. डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं. त्याचा कण जरी राहिला तरी ओली इपॉक्सी त्याच्यापासून दूर पळते आणि थरात वाटोळे खड्डे पडतात. या खड्ड्यांना हे लोक ‘माशाचे डोळे’ म्हणतात.

इपॉक्सीवर इपॉक्सी चिकटवायची तर पहिला थर ताजा असावा लागतो. साधारण दिवसाच्या आत दुसरा हात मारला तर दोन्ही एकजीव होतात. त्यानंतर खालचा थर पुरता बनलेला असतो आणि नव्याला धरायला त्याच्यात काही उरत नाही. म्हणून यंत्राला जाड पॉलिश पेपर लावून सगळी चकाकी मारावी लागते. दोन तासांत त्या आरशाचं पाटीसारखं मळकट काहीतरी झालं. शेठ दारात उभे होते. पैसे देऊन आणलेली चमक पैसे देऊनच घालवताना बघवेना, तसे ते चहा सांगायला निघून गेले.

ठेकेदार लोखंडी पहार हळूहळू आपटत चालत होता. भरीव जागी टणक आवाज येतो, पोकळ जागी भद्द. वॉशिंगच्या कोपऱ्यात तीन-चार जागी भद्द वाजलं. तिथला थर छिन्नीनं उचलला तर खाली कोबा ओलसर. जुन्या कोब्याखाली प्लास्टिकचा कागद नव्हता, जमिनीतली ओल वर येत होती आणि थराला खालून ढकलत होती. उघड्या कोब्यावर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवला. निदान सोळा तासांनी उचलायचा आणि आतल्या बाजूला दव धरलंय का बघायचं. धरलं होतं. तेवढ्या भागाला ओल रोखणारा वेगळा प्रायमर लागला. खर्च वाढला तशी कुरकुरही वाढली.

बी फोकावं तशी

मुख्य काम भल्या पहाटे सुरू झालं, कारण मे महिना. इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. एकत्र केले की त्यांची आपसातली प्रक्रिया सुरू होते आणि तिच्यातून उष्णता निघते. बादलीत माल गच्च असतो, उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तापतो. तापला म्हणून आणखी वेगानं घट्ट होतो. थंडीत अर्धापाऊण तास हाताशी असतो, मेमध्ये त्याच्या निम्मा धरायचा. दुपारच्या उन्हात विसरलेली बादली हात लावू देत नाही, धूर सोडते आणि दगड होऊन बसते. म्हणून संथ ड्रिलनं तीन मिनिटं घोटलं, बादलीच्या कडा खरवडून पुन्हा घोटलं की सगळा माल लगेच जमिनीवर ओतायचा. पसरल्यावर तो गार राहतो आणि कामाला वेळ मिळतो.

एक जण दातेरी रबरानं माल ओढत होता, दुसरा मागून रोलर फिरवत होता. तिसरा, बिहारमधल्या सहरसा जिल्ह्यातला विशीतला मुलगा, खिळ्यांचे बूट घालून ओल्या थरात उभा होता. त्याच्या काखेत वाळूची बादली. मूठ भरायची आणि वर उडवायची. वाळू डोक्याच्याही वर जाऊन सरळ खाली यायची, बी फोकावं तशी. घरी कोसीच्या काठी त्यांची शेती आहे, हे त्यानं नंतर सांगितलं. “सामने मत मारो, मॅडम, ऊपर उछालो.” समोर फेकलेली वाळू एका जागी ढीग करते आणि थरात लाटा उठवते. वरून पडलेला प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे रुततो.

टाकत राहायचं, कुठंही ओलं चमकेनासं होईपर्यंत. जमीन कोरड्या वाळवंटासारखी दिसली की पोट भरलं. पण प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वीतभर पट्टा तो कोरा सोडत होता. पुढच्या बादलीचा माल या ओल्या पट्ट्याला येऊन मिळतो आणि मग त्याच्यावर वाळू पडते. पट्टा न सोडता काठापर्यंत वाळू टाकली तर दोन टप्प्यांच्या सांध्यावर कायमचा उंचवटा राहतो, आणि ट्रॉलीचं चाक तिथंच अडतं.

वाळू बादलीतच मिसळून रोलर का मारत नाहीत? स्वस्तातली पुष्कळ कामं तशीच होतात. पण वाळू जड, ती तळाशी बसते. रोलरला पहिल्यांदा नुसता रंग लागतो आणि बादलीच्या बुडाशी पोचेपर्यंत चिखल. जमिनीचा एक कोपरा काच आणि दुसरा किसणी. नदीची वाळू वापरणारेही आहेत. तिच्यात ओल असते, माती असते, आणि इपॉक्सीला दोन्ही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी न चिकटलेली वाळू झाडून काढली. पोत्यांत परत भरण्याइतकी निघाली. पत्र्याच्या पट्टीनं फार उभी राहिलेली टोकं खरवडली, व्हॅक्यूम मारला. मग वरचा थर. दाणा धरून ठेवणारा हात तो हाच, आणि काम बिघडतं ते बहुधा इथं. पातळ मारला तर दाणे चाकांखाली निखळतात. जाड मारला तर दाणे बुडतात आणि एवढं सगळं करून पुन्हा गुळगुळीत. दाण्याचं निम्मं अंग आत आणि निम्मं वर, हे माप. ठेकेदारानं हा हात दुसऱ्या कुणाला मारू दिला नाही.

त्या पोरांच्या तोंडाला रुमाल होते. पॉलिश पेपरनं घासताना उडणारी कोब्याची आणि क्वार्ट्झची बारीक धूळ रुमालाला जुमानत नाही. सिलिकोसिस तिच्यानंच होतो आणि झालेला बरा होत नाही. यंत्राला व्हॅक्यूम जोडलेला होता, हे ठेकेदाराच्या बाजूनं सांगायला हवं. मास्क मात्र जीपमध्ये होते. हार्डनरनं एकाच्या मनगटांवर पुरळ उठलेला दिसला. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा संपर्कानंही उसळते आणि माणसाला धंदाच सोडावा लागतो. गिऱ्हाइकाच्या पायाची काळजी घेणारं हे काम करणाऱ्याच्या हाताबद्दल इतकं बेफिकीर का, याचं उत्तर “गरम होतं, घालत नाहीत” एवढंच मिळालं.

टाकी आणि खराटा

आपल्याकडे हा प्रश्न पूर्वी पाथरवट सोडवायचा. वाड्याच्या पायऱ्या, विहिरीत उतरणारे दगड, न्हाणीतली फरशी, सगळ्यांना टाकी मारलेली असायची. पायांनी झिजून दगड बुळबुळीत झाला की पुन्हा टाकी. जात्याला टाकी लावणारे दारावर यायचे तसंच हे. शहाबादी फरशीही न्हाणीत पॉलिश न केलेलीच घालायचे. कोबा आला तेव्हा गवंड्यांनी उतारावर ओल्या सिमेंटवरून खराटा ओढला किंवा दोरी दाबून रेघा पाडल्या. त्याला वेगळा पैसा लागत नव्हता. आजही साध्या पार्किंगच्या रॅम्पला खराट्याच्या कोब्याहून जास्त काही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि इपॉक्सीवाल्या ठेकेदारानंही ते नाकारलं नाही. पण कोबा ऑइल पितो आणि धूळ सोडतो. गॅरेजवाल्याला इपॉक्सी हवी असते ती त्यासाठी. चमक तिच्याबरोबर येते, आणि मग ती चमकच मोठी होऊन बसते.

सात दिवस

चोवीस तासांनी चालता येतं, तीन दिवसांनी गाडी आणता येते, पण पुरता पक्का व्हायला थराला आठवडा लागतो. त्याआधी साबण, पेट्रोल, ब्रेक ऑइल काहीही पडलं तर डाग राहतो. तापलेलं टायर कच्च्या थरावर रात्रभर उभं राहिलं तर सकाळी गाडीबरोबर रंगही उचलतं. शेठनी चौथ्या दिवशी गाड्या घेतल्या. वॉशिंग मात्र ठेकेदाराच्या धाकानं सात दिवस बंद राहिलं.

जुलैत पुन्हा गेले तेव्हा बाहेर संततधार होती आणि गोणपाटं नाहीशी झाली होती. हेल्पर पोरं वॉशिंगमध्ये ओल्या चपलांनी धावत होती. लिफ्टखाली वस्ताद पुठ्ठ्यावर आडवे होते आणि गुडघ्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार मावशींची होती. ऑइलच्या जागी दाण्यांमधल्या खाचांत काळा राप भरत चालला होता. खाचा भरल्या की टोकं असून नसल्यासारखी, जमीन पुन्हा घसरडी. फडकं किंवा मॉप तिथं वरवर फिरतो. त्याला ताठ नायलॉनचा ब्रश लागतो, ऑइल काढायचं द्रावण ओतून दहा मिनिटं भिजू द्यावं लागतं आणि मग घासून वायपरनं पाणी ओढावं लागतं. “ब्रश दिला शेठनी,” मावशी म्हणाल्या, “पण अर्ध्या तासाचं काम दीड तासाचं झालं. पगार तेवढाच.” शेठनी ऐकलं. शनिवारी वॉशिंगच्या पोरांनी प्रेशर पंपानं तो भाग धुवायचा, असं तिथल्या तिथं ठरलं. पगाराचं ठरलं नाही.

रॅम्प संपून गाड्या आत वळतात तिथं एक टकला पट्टा दिसायला लागला होता. जागेवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग पिळलं की पुढची चाकं दाण्यांना मुळापासून पिळतात. शेठनी माझ्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला, तेवढ्यावर पुन्हा हात मारून दे म्हणाले. पलीकडून नकार आला. हवेत 85 टक्क्यांवर दमटपणा आहे, जमीन दवबिंदूच्या वर निदान तीन अंश हवी, तेवढी ती या दिवसांत नसते. आत्ता मारलं तर थरावर चिकट पांढरी साय येईल आणि पुढचं काही तिच्यावर धरणार नाही. दसऱ्यानंतर येतो, तोवर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा भाव काढून ठेवतो, आणि ड्रायव्हरांना सांगा, गाडी चालती ठेवून वळवा.